वाफसा

पहाटे साडेचारला जाग आली. गजर लावलेला नव्हता, सवयीनंच डोळे उघडले. चार महिने याच वेळेला उठते, अर्धा कप कोरा चहा घेते आणि पाषाण रस्त्याला लागते. आज मात्र फ्रिजवर चिकटवलेल्या तक्त्यात आजच्या रकान्यात एकच शब्द आहे : विश्रांती. मुंबई मॅरेथॉनला अडीच आठवडे राहिलेत. बूट दाराशी तसेच पडलेत आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून पाय चुळबुळवते आहे. शर्यत अडीच आठवड्यांवर आली असताना माणसानं घरात बसायचं, हे काही केल्या मनाला पटत नाही.

कुणाशी तरी बोलावं म्हणून सहाच्या सुमाराला आबांना फोन लावला. खटाव तालुक्यातल्या आमच्या गावी ते या वेळेला हमखास जागे असतात. म्हटलं, "काय चाललंय?"

"काय नाय. काल कांद्याला पाणी दिलंय. बसलोय."

"मग आज खुरपणी?"

"आगं, वाफसा तर येऊ दे! अशा चिखलात बाया घातल्या तर रानाची वाट लागंल. दोन-तीन दिस कुणी पाय घालायचा नाय."

फोन ठेवला आणि मग लक्षात आलं की माझ्या तक्त्यातल्या त्या एका शब्दाचा अर्थ आबांनी सांगून टाकला होता.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाऊस पडून गेल्यावर किंवा पाणी दिल्यावर जमीन लगेच कामाला घेता येत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्यानं गच्च भरलेल्या असतात. जास्तीचं पाणी खाली निचरावं लागतं, त्या जागेत हवा शिरावी लागते. ओल आणि हवा यांचा मेळ जमला की म्हणायचं, वाफसा आला. शेतकरी तो ओळखतो हातानं. मूठभर माती घ्यायची, दाबून गोळा करायचा आणि सोडून द्यायचा. पडून फुटला तर रान तयार. चिकटून राहिला तर अजून थांबायचं. घाई करून ओल्या रानात औत घातलं तर ढेकळं निघतात आणि ती उन्हात विटेसारखी वाळतात. पाणी वेळेवर दिलेलं असतं, बी चांगलं असतं, कष्टातही कसूर नसते. दोन दिवसांची अधीरता तेवढी नडते.

माझी ही शर्यत निव्वळ हौसेची नाही. मला बोस्टनच्या मॅरेथॉनला पात्र ठरायचं आहे. १८९७ साली सुरू झालेली ती शर्यत दर एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी होते. पात्रतेच्या वाटेनं तिथं जायचं तर आधी दुसऱ्या एखाद्या मान्यताप्राप्त मॅरेथॉनमध्ये ठरावीक वेळेच्या आत ४२.१९५ किलोमीटर धावून दाखवावं लागतं. ही अट १९७० साली आली. गंमत अशी की पहिल्या वर्षी त्यांनी वेळेचा पुरावा मागितलाच नव्हता. धावपटूनं चार तासांच्या आत पोचण्याइतकी तयारी केली आहे, असा दाखला मागितला होता. तयारीचा दाखला! मला ही कल्पना फार आवडते. पुढं काटेकोर वेळा आल्या, वयोगट आले. बायकांना तर अधिकृत प्रवेशच मिळाला १९७२ साली.

वयोगटांमुळे इथं एक विलक्षण न्याय आहे. जगात बाकी सगळीकडे वय वाढलं की माणसाची किंमत उतरते. इथं पन्नाशी गाठली की बाईला पाच मिनिटं जास्तीची मिळतात. पंचेचाळीस ते एकोणपन्नासला ३ तास ४५ मिनिटं, पन्नास ते चोपन्नला ३ तास ५०. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मी पन्नाशी ओलांडलेली असेन आणि वय धरतात ते बोस्टनच्या दिवसाचं. म्हणून मी खुशीत होते. पण २०२६च्या शर्यतीपासून साठीच्या आतल्या सगळ्या गटांच्या वेळा पाच मिनिटांनी आवळल्या गेल्या. म्हणजे वयानं एका हातानं दिलं ते नियमानं दुसऱ्या हातानं काढून घेतलं आणि माझा आकडा दोन वर्षांपूर्वी होता तिथंच राहिला : ३ तास ५० मिनिटं. त्यातही पात्र ठरणं म्हणजे प्रवेश मिळणं नव्हे. अर्ज जागांपेक्षा जास्त आले की आपापल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगानं धावलेल्यांना आधी घेतात. २०२५च्या शर्यतीला मर्यादेपेक्षा ६ मिनिटं ५१ सेकंद लवकर पोचलेल्यांपर्यंतच जागा पुरल्या. म्हणून मी ३ तास ४३ मिनिटं मनात धरली आहेत, किलोमीटरला ५ मिनिटं १७ सेकंद. रोज भाजी चिरताना, बँकेत शिक्के मारताना हा आकडा डोक्यात टिकटिकत असतो.

दोन वर्षांपूर्वी हाच प्रयत्न केला होता. तयारी आजच्याइतकीच चांगली होती. शर्यतीला अकरा दिवस राहिले असताना माझा धीर सुटला. तक्त्यात त्या दिवशी आठ किलोमीटर होते, तेही सावकाश. मी कुणालाही न सांगता अठ्ठावीस धावले. का, तर एकदा खात्री करून घ्यावी म्हणून. खात्री झाली, फार छान धावले, घरी येऊन समाधानानं पोहे खाल्ले. शर्यतीच्या दिवशी सी लिंक झाला, वरळी गेली, हाजी अली मागं पडलं आणि परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ समोर आला. तिथं पाय उचलेनात. दुखत नव्हते, गोळेही आले नव्हते. पायांत काही शिल्लकच नव्हतं. लोक दोन्ही बाजूंना उभे राहून टाळ्या वाजवत होते, एक आजी केळं पुढं करत होत्या आणि मी चालत होते. ३ तास ५४ मिनिटं लागली. त्या अठ्ठावीस किलोमीटरांनी माझी चार मिनिटं नेली, असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. पण ओल्या रानात औत घातलं होतं, एवढं नक्की.

आमचे प्रशिक्षक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, त्यांनी नंतर एकच प्रश्न विचारला होता. "खात्री कुणाला करून द्यायची होती? पायांना तर माहीतच होतं."

त्यानंतर मी थोडं वाचलं, थोडं विचारलं. व्यायामानं शरीर बळकट होतं, हे आपण सहज म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. व्यायामाच्या वेळी शरीर झिजतं. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होतात, यकृतातली आणि स्नायूंतली साखर संपते. बळ येतं ते नंतर, झोपेत आणि विश्रांतीत, झालेली झीज भरून निघताना. एखाद्या मोठ्या धावेचा फायदा अंगी लागायला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे जातात. याचाच अर्थ शेवटच्या दहा दिवसांत केलेले जबर कष्ट शर्यतीच्या दिवशी फक्त थकवा म्हणून हजर होतात. त्यांचा लाभ शर्यत संपल्यावर येतो. ऑर्डर पोचवून झाल्यावर माल आल्यासारखं ते.

म्हणून शेवटचे दोन-तीन आठवडे धावणं कमी करत न्यायचं. धावणारी मंडळी याला टेपर म्हणतात. माझा आठवडा पंच्याहत्तर किलोमीटरचा होता. तो आता पंचावन्न, मग चाळीस आणि शर्यतीच्या आठवड्यात वीस-बावीस. धावण्याचे दिवस फारसे घटवायचे नाहीत आणि वेगाला तर हातच लावायचा नाही. कमी होतं ते अंतर. आठ किलोमीटर धावायचे, पण त्यातले तीन शर्यतीच्या वेगानं.

हे शेवटचं वाक्य मला आबांमुळे नीट कळलं. वाफसा जसा येतो तसा तो जातोही. रान सुकत गेलं, कडक झालं की पुन्हा खुरपं लागत नाही. "वाफसा उडाला," असं म्हणून मग माणूस कपाळाला हात लावतो. तीन आठवडे नुसतं लोळून काढले तर पायांचं तेच होईल. म्हणजे ही विश्रांती आळसाची नाही. आबा "बसलोय" म्हणतात तेव्हाही बसलेले कुठं असतात? खुरप्यांना धार लावतात, बांधावरचं गवत काढतात, बायांना सांगून ठेवतात आणि दिवसातून दोनदा रानाच्या कडेला जाऊन माती मुठीत घेऊन बघतात. फक्त आत पाऊल टाकत नाहीत. सगळं कसब त्या कडेवर थांबण्यात आहे.

कडेवर थांबलेल्या माणसाला काय काय दिसतं, हेही सांगायला हवं. चार महिने गप्प असलेलं शरीर या दिवसांत बोलायला लागतं. परवा जिना उतरताना डाव्या गुडघ्यात कळ आली. काल उजव्या टाचेत. आज घसा खवखवतो आहे असं वाटतं. बसमध्ये कुणी शिंकलं तरी मी तोंड फिरवते. वजनाच्या काट्यानं किलोभर जास्त दाखवलं, तेव्हा तर जेवणच कमी करणार होते. मग कळलं की साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर शरीर साधारण तीन ग्रॅम पाणीही धरून ठेवतं. खर्च थांबला, साठा भरायला लागला की काटा वर जाणारच. ते वजन म्हणजे भरलेली कणगी. मुंबईचं हवामान मी दिवसातून पाच वेळा बघते, जणू माझ्या बघण्यानं दमटपणा कमी होणार आहे. आमच्या गटातली बाकीची मंडळीही याच अवस्थेत आहेत. एकानं नवे बूट घ्यावेत का म्हणून विचारलं, तर चौघांनी एकदम "नको!" असं लिहिलं. शर्यतीच्या दिवशी नवं काहीही नाही, हा आमच्यातला अलिखित कायदा.

या दुखण्यांना नाव काय द्यायचं? मला वाटतं, ही मोकळ्या वेळेची दुखणी आहेत. रोज दीड-दोन तास धावत होते तेव्हा शंका माझ्या मागं पडायच्या. आता मी थांबले आणि त्यांनी मला गाठलं. कष्ट करणं सोपं असतं, कारण कष्ट दिसतात. तक्त्यात आकडा भरता येतो, घामानं भिजलेला सदरा दोरीवर टाकता येतो. थांबण्याचा पुरावा दाखवता येत नाही. आपल्याकडे तर लहानपणापासून "दे रे हरी खाटल्यावरी" ऐकत वाढलेलो आपण. रिकामं बसलेलं माणूस घरात कुणाला बघवत नाही आणि त्याला स्वतःलाही नाही. मग ते उठून काहीतरी करतं आणि पुष्कळदा केलेलंच बिघडवून ठेवतं.

अशा वेळी मला फडेप्पा चौगुले आठवतात. बेळगावकडचा हा धावपटू. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांमध्ये दोराबजी टाटांनी धावपटूंचं कसब पाहिलं आणि १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारतीय संघ पाठवण्याचं मनावर घेतलं. संघनिवडही पुण्यातच झाली. ज्या डेक्कनवर आज आपण गाडी लावायला जागा शोधत फिरतो, तिथं शंभर वर्षांपूर्वी माणसं ऑलिंपिकसाठी पात्र ठरत होती. मग ही मंडळी बोटीनं युरोपला निघाली. चौगुले अँटवर्पला मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकमधली आजवरची सर्वांत लांब. मी विचार करते तो त्या बोटीचा. कित्येक दिवसांचा समुद्रप्रवास. डेकवर किती धावता आलं असेल? हाताशी घड्याळ नाही, तक्ता नाही, किलोमीटर मोजणारं यंत्र नाही. बेळगावच्या आणि पुण्याच्या मातीवर जे कमावलं, ते पायांत आहे एवढ्याच भरवशावर माणूस पाण्यावरून चालला होता. त्याच्या त्या प्रवासापुढं माझे अडीच आठवडे काय आहेत?

दुसरी आठवते ती आमच्या शेजारच्या माण तालुक्यातली, मोही गावची ललिता बाबर. जानेवारी २०१५मध्ये याच मुंबईच्या रस्त्यांवर तिनं भारतीय महिलांमध्ये सलग तिसऱ्या वर्षी पहिला क्रमांक काढला, २ तास ३८ मिनिटं २१ सेकंदांत. त्या वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ती स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि मॅरेथॉनही धावली. माण म्हणजे दुष्काळाचा मुलूख. तिथल्या माणसाला पाण्याची वाट बघणं शिकवावं लागत नाही. तिच्या वेगाशी माझी काही तुलना नाही. पण आम्ही दोघी एकाच रखरखीत पट्ट्यातल्या, याचा मला उगाचच आधार वाटतो.

खरी परीक्षा अजून पुढंच आहे. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि संक्रांत नेमकी त्याच आठवड्यात येते. भोगीला मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. वालाच्या शेंगा, हरभरा, वांगी, गाजर, शेंगदाणे, सगळं एका कढईत. वर्षभर मी जिची वाट बघते ती ही भाजी या वर्षी दोन घासांवर थांबवायची आहे, कारण शर्यतीच्या आधीचे दोन-तीन दिवस पोटाला जड आणि चोथ्याचं काही नको. मऊ भात, बटाटा, साखर-केळं, असलं आजाऱ्यासारखं जेवण. गुळाची पोळी एक, तीही तुपाची धार न सोडता. सासूबाई म्हणाल्या, "सणाच्या दिवशी हे असलं खायचं? मग पळता कशाला?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही नीट उत्तर नाही. मग हळदीकुंकू. सोसायटीत चार इमारती, प्रत्येक घरी जायचं, उभ्या-उभ्या बोलायचं, जिने चढायचे-उतरायचे. संध्याकाळभरात पायांची किती धूप होते, हे धावणाऱ्यालाच कळेल. या वर्षी मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, वाण घ्यायला रथसप्तमीच्या आत कधीतरी येईन, शर्यत झाल्यावर.

हे लिहिता लिहिता जाणवतं की वाफशाचे दिवस धावणाऱ्यांच्याच वाट्याला येतात असं नाही. दहावी-बारावीच्या पोरांच्या घरात परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत दिवा चालू असतो आणि सकाळी मूल पेपरला पेंगत जातं. मुलाखतीला निघालेला माणूस रिक्षात बसूनही कागद चाळत असतो. लग्नाच्या आदल्या दिवशी यजमान यादी विसाव्यांदा तपासतो आणि ऐन मुहूर्ताला त्याचा आवाज बसलेला असतो. माझी आई भात शिजला तरी झाकण काढू द्यायची नाही. "वाफ जिरू दे," म्हणायची. आम्ही भुकेनं व्याकूळ व्हायचो, तरी ती पाच मिनिटं थांबायची. तिला शीत न् शीत मोकळं हवं असायचं. तेव्हा वाटायचं, ही उगाच थांबवते. आता कळतं की त्या पाच मिनिटांत भाताचं काम चालूच असायचं, फक्त आमचं संपलेलं असायचं.

मला वाटतं, थांबण्याचं हे भय मुळात श्रेयाचं भय आहे. जे घडतं ते माझ्या करण्यानंच घडतं, अशी आपली समजूत. मग आपण काही करत नसताना काही चांगलं घडतंय, हे मान्य करायला मन धजत नाही. शेतकऱ्याला ही समजूत परवडत नाही. पाणी द्यायचं काम त्याचं, निचरा करायचं काम जमिनीचं. तो आपला वाटा चोख करतो आणि जमिनीचा वाटा जमिनीवर सोडतो. तो तिला सारखं उकरून विचारत बसत नाही, झालं का म्हणून.

मी पात्र ठरेन का? ठाऊक नाही. शर्यतीच्या दिवशी मुंबईत उकडलं, पोट बिघडलं, गर्दीत पाय मुरगळला, तर हे सगळं फुकट जाऊ शकतं, आणि गावाकडे गारपिटीनं उभं पीक एका दुपारी जातं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण गारपीट होऊ शकते म्हणून वाफशाआधी कुणी रानात घुसत नाही. माझ्याकडे चार महिन्यांचा तक्ता आहे. त्यातले बहुतेक सगळे रकाने भरलेले आहेत. १९७० साली बोस्टनवाल्यांनी मागितला होता तसला तयारीचा दाखला कुणी मागितलाच, तर तो माझ्या फ्रिजवर लावलेला आहे.

तुमचंही कुठलं तरी रान असेल. परीक्षा, मुलाखत, शस्त्रक्रियेनंतर बरं होणं, एखादं लेकरू मार्गाला लागणं. पाणी देऊन झालं असेल तर आता बांधावर या. खुरप्याला धार लावा, माती मुठीत घेऊन बघा, पण आत जाऊ नका.

माझ्या तक्त्यात उद्याच्या रकान्यात सहा किलोमीटर आहेत. सहाच धावेन.